स्मारकासाठी घर घेताना तिथल्या बाईचं नाव कागदावर घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात महात्मा फुले पेठेत, म्हणजे जिला आम्ही अजूनही गंज पेठच म्हणतो तिथे, महात्मा फुले वाडा आणि सावित्रीबाई फुले स्मारक ही दोन ठिकाणं जोडून एक मोठं स्मारक करायची योजना आहे. त्यासाठी मधली राहती घरं संपादित करावी लागणार. त्याबद्दलच्या बातम्या आणि त्यावर आलेली पत्रं मी वाचते आहे. काहींच्या मते या कामात अडथळा आणणं म्हणजे फुल्यांचा अपमान, तर काहींना घरं घेऊन स्मारक करणंच मुळात मान्य नाही. मी मोजणी खात्यात परीरक्षण भूमापक होते, म्हणजे शहरातल्या जागा मोजून त्यांच्या नोंदी आणि नकाशे अद्ययावत ठेवणारी. नोकरीतली बरीच वर्षं पुण्याच्या जुन्या पेठांत फीत धरून गेली, आणि त्यातली काही मोजणी संपादनाचीच होती. दोन्ही बाजूंच्या लिखाणात मला एक माणूस कुठेच दिसला नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं. स्मारक व्हावं. पण संपादनातला मोबदला आणि पुनर्वसन कागदावर ज्याचं नाव त्याच्याकडे जातं, आणि या पेठांमधल्या घरात जी बाई प्रत्यक्ष राहते तिचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसतं. सावित्रीबाईंच्या स्मारकासाठी घर घेताना तरी असं होऊ नये.

आधी भिडे वाड्याबद्दल, कारण माझी बाजू स्पष्ट असलेली बरी. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोरच्या त्या वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि जोतीराव एकवीस. ती जागा स्मारकासाठी घेऊ नये म्हणून तिथले लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं दावा चालला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत महापालिकेने वाडा पाडला. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या स्मारकाची पायाभरणी झाली. ती जागा सरकारने घेतली ते योग्यच झालं असं मी मानते. शाळा तिथेच भरली होती. तो इतिहास उचलून दुसऱ्या प्लॉटवर नेता येत नाही. मालक विकायला तयार नसेल, भाडेकरू निघायला तयार नसतील, तर अशा जागेसाठी सक्तीचं संपादन करण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. खाली दुकानं चालवणाऱ्यांची पोटापाण्याची अडचण खरी होती आणि त्यांना मिळायचं ते मिळायलाच हवं होतं, पण म्हणून देशातल्या मुलींच्या शिक्षणाची ती जागा कायमची गाळ्यांखाली ठेवणं बरोबर नव्हतं.

गंज पेठेचं मात्र वेगळं आहे. फुल्यांचं राहतं घर तिथे आहेच. शासनाने ते स्मारक म्हणून केव्हाच ताब्यात घेतलेलं आहे, जोतीरावांची समाधी तिथे आहे, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद तिथे आहे. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, आणि पुण्यतिथीला, २८ नोव्हेंबरला, तिथे किती गर्दी होते, बोळांतून माणसं कशी सरकत जातात, हे मी पाहिलं आहे. जागा अपुरी पडते यात शंका नाही. पण आता जी घरं घ्यायची आहेत त्यांत इतिहास घडला म्हणून ती घ्यायची नाहीत. येणाऱ्यांना ऐसपैस जागा हवी, म्हणून घ्यायची आहेत. हेही सार्वजनिक काम आहे, नाही म्हणत नाही. पण अशा कामासाठी कुणाचं घर घेताना सरकारने जास्त जपून पावलं टाकली पाहिजेत, आणि जेवढं लागेल तेवढंच घेतलं पाहिजे. मिरवणूक थांबायला पटांगण लागेल, रुग्णवाहिका आत यायला रस्ता लागेल, हे समजतं. वाहनतळासाठी आणि शोभेच्या बागेसाठी राहतं घर घ्यायला मी कधीही हो म्हणणार नाही.

आता कागदाविषयी. शहरातल्या जागेला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तिच्यावर धारकाचं नाव, क्षेत्र, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे असे रकाने असतात आणि खाली फेरफाराच्या नोंदी. जुन्या पेठांतली मिळकत पत्रिका हातात घेतली की आधी मेलेल्या माणसांची नावं भेटतात. आजोबांच्या नावावर घर, आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या, वारसनोंद अर्धी. कुठे वारस लागलेले असतात तर फक्त मुलगे. मुलींनी हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं. का करून दिलं, असं विचारलं तर एकच उत्तर मिळतं, माहेर तुटू नये म्हणून. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ पासून तो देशभर झाला. पण पेठेतल्या पत्रिकेवर तो उतरलेला मला फार कमी वेळा दिसला.

हे झालं मालकांचं. पेठेत खरी माणसं भाड्याने राहतात. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याचं नाव मिळकत पत्रिकेवर चढत नाही. त्याच्याकडे असते भाडेपावती, आणि तीही बहुतेकदा सासऱ्याच्या नावाची. कोणी पागडी देऊन खोली घेतली, पावती मात्र आधीच्याच भाडेकरूच्या नावावर चालू राहिली. या सगळ्या कागदांमध्ये बाई कुठे येते? रेशनकार्डावर येते, आणि लाइट बिल नवऱ्याच्या नावावर असतं.

मी बाई असल्यामुळे मला एक सोय होती. संयुक्त मोजणीला गेलं की पुरुष ओट्यावर साहेबांशी बोलत उभे राहत आणि बायका मला आत नेत. स्वयंपाकघर, मोरी, माळा, मागची चिंचोळी पडवी, सगळं मोजायचं असे. भिंतीला फीत लावायला त्या स्वतः डबे बाजूला करीत, दुसरं टोक धरून उभ्या राहत. आणि तेवढ्यात बोलत. बाहेर ओट्यावर जे कधीच निघालं नसतं ते तिथे निघे.

एका पेठेत रस्तारुंदीचं संपादन होतं. पेठेचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. एका वाड्याच्या मागच्या अंगाला दोन खणांच्या खोलीत साठीच्या पुढच्या एक बाई राहत होत्या. नवरा फार आधी गेलेला, मूलबाळ नाही. डबे करून द्यायच्या. मोजणीच्या वेळी परातीत कणीक मळलेली होती आणि ओलं फडकं टाकून त्यांनी ती बाजूला ठेवली. मी खोली मोजली, नकाशावर आखली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, नाव कोणाचं लावायचं? त्यांनी दिराच्या मुलाचं नाव सांगितलं. तो इथे राहतो का, तर नाही, हडपसरला. मग तुमचं का नाही? त्यांनी डाळीच्या डब्यामागून प्लास्टिकची पिशवी काढली. आत भाडेपावत्या होत्या, सगळ्या सासऱ्यांच्या नावाच्या, आणि खाली "हस्ते" म्हणून यांची सही, वर्षानुवर्षं, दर महिन्याला. भाडं त्या भरत होत्या, नाव सासऱ्यांचं चालू होतं.

मी मोजणीपत्रकाच्या शेऱ्यात लिहिलं की खोलीचा प्रत्यक्ष वापर यांचा आहे, या एकट्या विधवा आहेत, उदरनिर्वाह याच खोलीतून चालतो. माझ्या अधिकारात तेवढंच होतं. पुढे नोटीस निघाली ती सासऱ्यांच्या नावाने, आणि नाव घेणारा कोणी नाही म्हणून दारावर डकवली. जे काही मिळालं ते वारस म्हणून पुतण्याने उचललं. बाई बहिणीकडे बारामतीला गेल्या असं शेजारणीने सांगितलं. डब्यांचं गिऱ्हाईक अर्थातच इथेच राहिलं.

यात कोणी लाच खाल्ली नाही, कोणी खोटा कागद केला नाही. प्रत्येकाने आपापला रकाना बरोबर भरला. म्हणूनच मला ती गोष्ट जास्त लागते. नियमाप्रमाणे काम होऊनही त्या बाईंच्या हातात काहीच पडलं नाही.

आणि नियमात तरतूद नाही असंही म्हणता येत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात कुटुंबाची व्याख्या करताना स्पष्ट लिहिलं आहे की विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या स्त्रिया यांना स्वतंत्र कुटुंब धरायचं. बाधित कुटुंबात फक्त मालक येत नाही. शहरात संपादनाच्या आधी तीन वर्षं किंवा जास्त काळ त्या जागेत राहणारं कुटुंबही येतं, आणि ज्याची उपजीविका त्या जागेवर अवलंबून आहे तेही येतं. घर गेलं तर शहरात किमान ५० चौरस मीटर जोत्याचं बांधलेलं घर द्यायचं, आणि ते नवरा-बायको दोघांच्या नावावर देता येतं, असं त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. घरोघर जाऊन बाधितांची गणना करायची आहे. मोबदला आणि पुनर्वसनाची रक्कम पूर्ण दिल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही, हेही कलम ३८ मध्ये आहे. डबेवाल्या बाई या कायद्याने स्वतःच एक कुटुंब ठरतात. पुतण्याचा प्रश्नच येत नाही.

मग अडतं कुठे? शहरात बहुतेक वेळा जमीन थेट या कायद्याने घेत नाहीत. आधी शहराच्या विकास आराखड्यात आरक्षण पडतं, म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवतात, आणि मग १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२६ ने संपादन होतं. त्या वाटेने गेलं की आधीचे टप्पे गाळून एकदम संपादनाच्या घोषणेवर येता येतं. घेतल्याने कोणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, त्यावर लोकांसमोर सुनावणी, हे त्यात राहत नाही. मालकाशी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) देऊन मिटवता येतं, आणि मालकाने सही केली की काम झालं असं समजलं जातं. खोलीत राहणारी बाई त्या वाटाघाटीला नसतेच.

गंज पेठेत कुठली वाट धरायची हे शासनाने आणि महापालिकेने आधी जाहीर करावं. आणि वाट कुठलीही असली तरी २०१३ च्या कायद्यातली कुटुंबाची व्याख्या, घरोघरची गणना आणि पुनर्वसन तिथे लागू राहील असं लेखी द्यावं. कायद्यात जे किमान दिलेलं आहे त्याहून जास्त द्यायला शासनाला कोणी अडवलेलं नाही.

स्मारकासाठी म्हटलं की काहीही घेता येतं असंही नाही. चेन्नईत जयललितांचं पोएस गार्डनमधलं वेद निलयम हे घर तमिळनाडू सरकारने स्मारकासाठी संपादित केलं होतं. त्यांची भाची आणि भाचा कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केलं आणि घर वारसांच्या ताब्यात द्यायला सांगितलं. मरीना किनाऱ्यावर एक स्मारक आधीच झालं असताना दुसऱ्याने कोणतं सार्वजनिक हित साधतं, असा न्यायालयाचा सवाल होता. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सांगितलं की घटनेच्या ३००-अ कलमात मिळकतधारकाचे अनेक हक्क येतात. नोटीस मिळणं, ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय मिळणं, हे सगळे त्यात आहेत. पैसे दिले की झालं, असं नाही. आपल्याच सरकारने डॉ. आंबेडकर लंडनला ज्या घरात राहत ते घर २०१५ मध्ये रीतसर विकत घेतलं. जिथे विकणारा आहे तिथे सक्ती लागत नाही, त्यामुळे गंज पेठेतही आधी वाटाघाटीने घेऊन पाहावं.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते फुल्यांच्या घराबद्दलच आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच गंज पेठेत. ब्राह्मण घरांतल्या विधवा, ज्यांना दिवस गेले होते आणि जीव देण्यावाचून वाट नव्हती, त्यांनी इथे यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, नाव उघड होणार नाही, अशा जाहिराती त्यांनी शहरात भिंतींवर लावल्या. बाळंतपणं सावित्रीबाईंनी स्वतः केली. १८७४ मध्ये आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. हाच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्या घरात येणाऱ्या बाईला कोणाची कोण, सासरा कोण, कागद कुठे आहे, असं कोणी विचारलं नाही. आज त्याच घराच्या भोवती जागा वाढवताना शेजारच्या वाड्यातल्या विधवेला आपण कागद मागणार, आणि नसेल तर निघ म्हणणार. मला हे सहन होत नाही. तीस-पस्तीस वर्षं हातात सरकारी फीत धरून काम केलं, ते करायची पात्रता मला ज्यांच्यामुळे आली त्यांच्या नावाचं हे काम आहे. ते असं होऊ नये.

म्हणून विनंती अशी की पहिली नोटीस निघण्याआधी घरोघर गणना व्हावी आणि तिला पुरेशा महिला कर्मचारी द्याव्यात, कारण आत जाऊन बोलणं दुसऱ्या कोणाला जमत नाही. फॉर्मवर "प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती" असा रकाना धारकाच्या रकान्याच्या शेजारी असावा, शेऱ्यात नव्हे. शेरा कोणी वाचत नाही. यादी पेठेतच, लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावावी, महिनाभर तरी हरकतींना ठेवावी. एकट्या बाईला मिळणारी रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यावर जावी आणि घर तिच्या नावावर व्हावं. आणि हे घर पेठेत किंवा पेठेला लागून असावं. डबे करणारी, धुणीभांडी करणारी, पिको-फॉल करणारी बाई कात्रजच्या किंवा वाघोलीच्या पुढे गेली की तिचं कामच जातं. पेठेत जागा नाही असं सांगितलं जाईल. भवानी पेठ, घोरपडे पेठ, लोहियानगर या भागांत महापालिकेच्या ज्या मिळकती पडून आहेत त्यांची यादी आधी लोकांपुढे ठेवावी, मग जागा नाही म्हणावं.

दिवस कमी असतात आणि कोर्टात गेलं की वर्षं जातात, म्हणून गंज पेठेतल्या बायकांसाठी दोन ओळी. आपल्या घराची मिळकत पत्रिका ऑनलाइन निघते, ती काढून घ्या, ती तुमच्या नावावर नसली तरी. भाडेपावतीवर तुमची सही असेल तर सगळ्या जुन्या पावत्या जपून ठेवा, झेरॉक्स एका वेगळ्या घरात ठेवा. रेशनकार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, गॅसचं कार्ड, यातलं जे जे या पत्त्यावर तुमच्या नावाने आहे ते एकत्र करा. तीन वर्षांचा वास त्यावरून सिद्ध होतो. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला लावून मालकाकडे लेखी अर्ज द्या की पावती माझ्या नावाने करा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मालकाने सही दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. हक्कसोडपत्रावर सही करायला कोणी कागद पुढे केला तर त्या दिवशी करू नका, आधी कोणाला तरी दाखवा. आणि मोजणीला माणसं आली की ओट्यावरच्या पुरुषांवर सोडू नका, स्वतः पुढे होऊन नाव सांगा आणि मोजणीपत्रकावर ते लिहिलेलं डोळ्यांनी पाहूनच सही करा.

आपली नम्र,
एक निवृत्त परीरक्षण भूमापक, धायरी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)